पाणी गेले म्हणून तापले, की तापले म्हणून गेले?

मुंबईहून पुण्याला येताना खोपोली मागे पडली की बोरघाट सुरू होतो. इ.स. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये याच डोंगरातून रेल्वे वर आली, आणि २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वाटा बदलल्या, वाहने बदलली, पण चढ तेवढाच राहिला. जड रेल्वेगाड्यांना मागून रेटा देण्यासाठी कर्जतला जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली ती या चढामुळेच. रस्त्यावरच्या वाहनाला असा मदतनीस नसतो. त्याला आपले ओझे आपणच वर न्यावे लागते.

या घाटात सर्वांत कठीण काम कोणाचे असेल? बंद पडलेल्या वाहनाला ओढून नेणाऱ्या डिझेल गाडीचे. रस्त्यावर तिला सरसकट ‘क्रेन’ म्हणतात. तिच्यावर ओझे दुपटीचे आणि वेग निम्म्याचा. इंजिन जोरात चालते, म्हणजे उष्णता भरपूर. गाडी मात्र हळू चालते, म्हणजे रेडिएटरवर समोरून येणारा वारा कमी. अशा गाडीचे पाणी कमी होऊ लागले की दोनच गोष्टी दिसतात: काटा लाल पट्टीकडे सरकलेला आणि रेडिएटरमधली पातळी खाली गेलेली. मग प्रश्न उभा राहतो. पाणी गेले म्हणून इंजिन तापले, की इंजिन तापले म्हणून पाणी उकळून गेले?

दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे नुसते पाहून सांगता येत नाही. हा पेच सोडवायचा तर इंजिन थंड ठेवण्याचा इतिहास माहीत असणे फार उपयोगी पडते. या इतिहासात प्रत्येक सुधारणेने एक अडचण दूर केली, पण जाताना गळतीसाठी एक नवी जागाही ठेवून दिली. आजचा कुशल मिस्त्री गाडी तपासतो तेव्हा तो या सव्वाशे वर्षांतल्या जागांवरूनच एकेक करून हात फिरवत असतो.

घाटाचे गणित

आधी थोडी आकडेमोड करू. ही नववी-दहावीच्या वर्गातही करता येईल. ओढणारी गाडी आणि ओढले जाणारे वाहन मिळून २० टन, म्हणजे २०,००० किलोग्रॅम वस्तुमान धरू. घाटाची चढण ५०० मीटर धरू. वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची हा गुणाकार केला की ९.८ कोटी ज्यूल एवढे उत्तर येते. ही झाली केवळ वर चढण्यासाठी लागणारी ऊर्जा. घर्षण आणि हवेचा अडथळा यांचा खर्च वेगळाच. घाट चढायला अर्धा तास लागला, तर केवळ चढणीपोटी ५४ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७३ अश्वशक्ती सतत लागते.

डिझेल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांशाहून थोडा जास्त भाग काम करतो, जवळजवळ तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्याला द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात पाण्याकडे सुमारे ७ कोटी ज्यूल आले असे धरू. रेडिएटर नसता आणि ही सारी उष्णता पाणी उकळवूनच घालवायची असती, तर किती पाणी लागले असते? एक किलोग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२.६ लाख ज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येते ३१ लीटर. एका घाटाला दोन हंड्यांहून अधिक पाणी!

ही कल्पना हास्यास्पद वाटेल, पण सुरुवातीच्या मोटारी खरोखर अशाच चालत. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाणी उकळून उडून जाई आणि चालकाने ते पुन्हा भरायचे असे. १८८८ मध्ये बेर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून प्फोर्झहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत मिळेल तिथे थांबून त्यांना पाणी भरावे लागले. त्या काळी पाणी कमी होणे हा बिघाड नव्हता, तीच थंड करण्याची पद्धत होती.

पाणी नको म्हणणारे इंजिन

डिझेल इंजिनाची कथा आणखी मौजेची आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा त्यांची समजूत अशी होती की इंधन हळूहळू आत सोडून जाळले तर तापमान फारसे वाढणारच नाही, आणि मग पाण्याने थंड करण्याची गरज राहणार नाही. उष्णता पाण्याला देणे म्हणजे इंधन वाया घालवणे, हा त्यांचा विचार तर्काला धरूनच होता. १८९३ मध्ये आउग्सबुर्ग येथील कारखान्यात पहिले प्रायोगिक इंजिन उभे राहिले. त्याच्या सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण नव्हते.

प्रत्यक्ष इंजिनाने वेगळेच शिकवले. धातूला, वंगणाला आणि दट्ट्याच्या कड्यांना सहन होईल अशा तापमानात इंजिन ठेवायचे तर उष्णता बाहेर काढावीच लागते. पुढच्या नमुन्यांत सिलिंडरभोवती पाणी आले. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी ज्या इंजिनाची चाचणी घेतली आणि २६.२ टक्के कार्यक्षमता नोंदवली, ते पाण्याने थंड केलेले होते. तेव्हापासून डिझेल इंजिनाच्या पोटात आग आणि पाणी शेजारी नांदू लागले. त्यांच्यामध्ये असते फक्त धातूची एक भिंत आणि एक गॅस्केट. गळतीची पहिली जागा ही.

खडकीचे इंजिन

पुणे आणि डिझेल इंजिन यांचे नाते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जुळले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घरोघर पोचवला. नांगरटीनंतर शेतकऱ्याची पुढची गरज होती पाण्याची. १९४६ मध्ये त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. महाराष्ट्रातल्या हजारो विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत या कारखान्याची इंजिने पुकपुकू लागली.

विहिरीवरचे इंजिन थंड ठेवणे सोपे होते. उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार सिलिंडरच्या आवरणातून फिरवायची आणि पाटात सोडायची. पाणी सतत नवे, म्हणून उकळण्याचा प्रश्न नाही. गिरणीत मात्र वाहते पाणी नसे. तिथे इंजिनाशेजारी एक मोठी टाकी असे आणि तिला दोन नळ जोडलेले असत, एक वर आणि एक खाली. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळाने टाकीत जाई आणि थंड पाणी खालच्या नळाने इंजिनात येई. पंप नाही, पट्टा नाही. अभिसरणाचा धडा शिकवायला याहून चांगले साधन मिळणार नाही.

या सोप्या पद्धतींनीही आपली एक खोड मागे ठेवली, ती म्हणजे क्षार. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. तापलेल्या भिंतीवर त्यांचा पांढरा थर बसतो. हा थर उष्णता फार वाईट वाहतो. बिडाच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता वीस-पंचवीस पटींनी कमी असते. म्हणजे एक मिलिमीटरचा थर बसला तर जणू भिंत दोन सेंटिमीटरहून जास्त जाड झाली! पाणी भरपूर आहे, गळती कुठेही नाही, तरी इंजिन तापते. आपल्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते: इंजिन तापले, म्हणून पाणी गेले. अशा वेळी छिद्र शोधत बसणे व्यर्थ.

आठ हजार नळ्या

चालत्या वाहनाला टाकीही नको आणि विहीरही नाही. तेच थोडेसे पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, तर ते वाटेत थंड झाले पाहिजे. विल्हेल्म मायबाख यांनी यावर काम केले. १९००-०१ च्या मर्सिडीझ मोटारीसाठी त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. पृष्ठभाग एवढा वाढला की केवळ ९ लीटर पाण्यात काम भागू लागले.

पृष्ठभाग वाढला तसे जोडही वाढले. आठ हजार नळ्यांची दोन्ही टोके म्हणजे सोळा हजार जागी धातू धातूला जोडलेला. पुढे रेडिएटरची रचना सोपी झाली, पण तत्त्व तेच राहिले: पातळ पत्रा, पुष्कळ जोड. शिवाय पाणी फिरवायला पंप आला, पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती सील आले. इंजिन हादरते आणि रेडिएटर चासीला बांधलेला असतो, म्हणून त्यांच्यामध्ये रबरी होज पाईप आले, आणि पाईप आवळायला क्लिपा. गळतीच्या बहुतेक सुपरिचित जागा याच टप्प्यावर जन्मल्या.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते, ते मुद्दाम पाहावे. ते पाडलेलेच असते. पंपाचे सील झिजले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी या भोकातून बाहेर ठिबकावे आणि चालकाला सूचना मिळावी, यासाठी ती सोय आहे. हे भोक कोणी एम-सीलने बुजवले तर गळती थांबल्यासारखी दिसते, पण पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि काही दिवसांनी पंपच अडकतो. तक्रार सांगणाऱ्याचे तोंड दाबल्याने तक्रार मिटत नाही, असाच हा प्रकार आहे.

बॉनेटखालचा कुकर

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, आणि खंडाळाही साधारण त्याच उंचीवर. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे चढ चढून इंजिन सर्वांत जास्त तापते, नेमके तिथेच पाणी लवकर उकळते. फरक दोन अंशांचाच, पण काटा आधीच ९५ वर असेल तर तोही महत्त्वाचा.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. १६७९ मध्ये डेनिस पापँ यांनी लंडनमध्ये बंद भांड्यात वाफ कोंडून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवता येतो हे दाखवले आणि त्या भांड्याला सुरक्षा-झडपही बसवली. आजचा प्रेशर कुकर त्याचाच वंशज. रेडिएटरवरचे स्प्रिंगचे झाकण हीदेखील तीच युक्ती आहे. झाकणाने ०.९ बार जादा दाब धरला, तर खंडाळ्याच्या उंचीवरही साधे पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्यात ग्लायकॉल मिसळलेले कूलंट असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. पुण्यात पाणी गोठण्याची भीती नाही, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्येही तितकीच कामाची असतात.

दाब आला आणि गळतीचे रूप पुन्हा बदलले. जे छिद्र साध्या पाण्याला रोखून धरत होते, तेच दाबाखाली पाणी सोडू लागले. आणखी एक नवे स्थान तयार झाले ते म्हणजे झाकण स्वतः. स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झाले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. पाहणाऱ्याला वाटते रेडिएटर फुटला. प्रत्यक्षात बदलायचे असते ते फक्त झाकण.

तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये असे सगळे सांगतात. का, ते आकड्यांत पाहू. पाणी ११० अंशांवर आहे आणि आपण दाब एकदम काढून घेतला. ते ९८ अंशांवर येईपर्यंत उकळणार, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्याच पाण्यातून घेणार. हिशेब केला तर सुमारे दोन टक्के पाण्याची क्षणात वाफ होते. दोन टक्के म्हणजे किरकोळ वाटते, पण एका लीटर पाण्यातून अशी सुमारे ३५ लीटर वाफ निघते, आणि रेडिएटरच्या तोंडाशी ती उकळते पाणीही सोबत घेऊन उसळते. चेहरा आणि हात भाजण्याचे अपघात असे होतात. इंजिन बंद करून, वरचा होज पाईप हाताला कोमट लागेपर्यंत थांबणे हाच एक मार्ग. तसेच रिकाम्या झालेल्या तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. बिडाला तडा जाऊ शकतो.

भिंत पोखरणारे बुडबुडे

आतापर्यंतच्या गळत्या पेट्रोल इंजिनातही होतात. आता खास डिझेलची गळती पाहू. पुष्कळ जड डिझेल इंजिनांत सिलिंडरची आतली नळी, म्हणजे लायनर, वेगळी बसवतात आणि तिच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागते. खाली रबरी ओ-रिंगांनी ती जागा बंद केलेली असते. कधी कधी या जाड नळीला पाण्याच्या बाजूने बारीक खड्डे पडत जातात आणि शेवटी आरपार भोक होते. गंज म्हणावे तर खड्डे सगळीकडे नसतात. दट्ट्या ज्या बाजूला आपटतो, त्याच बाजूला ते उभ्या रांगेत दिसतात.

या कोड्याचे उत्तर आगबोटींकडून आले. १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या वेगवान बोटींचे पंखे अपेक्षेइतका जोर देईनात. पंख्याच्या पात्यावर दाब इतका घटे की तिथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होत. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवले की असा पोकळ बुडबुडा मिटतो तेव्हा अगदी लहान जागेत प्रचंड दाब निर्माण होतो. धातू पोखरण्याचे सामर्थ्य त्यात असते.

लायनरबाबत तेच घडते. डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब मोठा, त्यामुळे दट्ट्या भिंतीवर जोरात आपटतो आणि भिंत घंटेसारखी कंप पावते. भिंत मागे हटते त्या क्षणी लगतच्या पाण्यात बुडबुडे होतात, भिंत पुढे येताच ते मिटतात. असे तासाला हजारो घाव बसतात. कूलंटमधली काही द्रव्ये, उदाहरणार्थ नायट्राइट, धातूवर पातळ संरक्षक थर धरतात आणि हे घाव झेलतात. झाकणाने राखलेला दाबही बुडबुडे होऊ देत नाही. म्हणून घाटात ओढ्याचे पाणी भरून वर्षभर तसेच चालवलेली गाडी एखाद्या दिवशी लायनरमधून गळू लागते. बाहेर थेंबही दिसत नाही, आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ चहासारखे येते.

१९६० च्या दशकात पुणे परिसर जड डिझेल इंजिनांचे केंद्र बनू लागला. १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्सची स्थापना होऊन कोथरूडला कारखाना आला. १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवले, आणि त्याच वर्षी वाहन-संशोधनाची एआरएआय ही संस्था पुण्यात स्थापन झाली. इंजिने जसजशी अधिक शक्तीची झाली, तसतसा पाण्यावरचा भारही वाढत गेला. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांसाठी अनेक डिझेल वाहनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. तो थंड करणारा ईजीआर कूलर पाण्यावरच चालतो. त्यात तडा गेला तर पाणी धुरात मिसळून सायलेन्सरवाटे निघून जाते. गळतीची ही सर्वांत नवी जागा.

मिस्त्रीची तर्कपद्धती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी विचारतो: पाणी कधी जाते? रात्रभर उभ्या गाडीखाली ओल दिसते, की फक्त घाट चढल्यावर पातळी उतरते? उत्तर पहिले असेल तर बाहेरचा एखादा जोड, होज पाईप किंवा पंपाचे सील यांवर संशय जातो. थंडीत रबर आणि धातू कमीजास्त आकसतात, म्हणून काही जोड पहाटेच ठिबकतात आणि इंजिन तापले की बंद होतात. उलट, तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब लगेच वाळतो. मागे राहतो तो कूलंटचा रंगीत किंवा क्षारांचा पांढरा डाग. ओलाव्याइतकाच डागही बोलका असतो.

दुसरी पायरी दाबाच्या चाचणीची. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा आणि काटा पाहायचा. काटा स्थिर राहिला तर बाहेरची गळती नसण्याचा संभव मोठा. मग झाकण वेगळे तपासावे. काटा उतरला आणि थेंब दिसला तर जागा सापडली. काटा उतरला पण कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जात आहे: तेलात, सिलिंडरमध्ये किंवा धुराच्या वाटेत.

तिसरी पायरी बुडबुड्यांची. हेड गॅस्केट गेले असेल तर ज्वलनाचे वायू पाण्यात शिरतात. गाडी सुरू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिले तर बुडबुडे येत राहतात. पण नुकतेच पाणी भरले असेल तर आत अडकलेली हवाही बुडबुड्यांनीच बाहेर येते! त्यांत फरक कसा करायचा? इथे रसायनशास्त्र मदतीला येते. ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाच्या निळ्या द्रावणातून रेडिएटरमधली हवा ओढून घेतात. तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रावण पिवळे होते.

या सगळ्या चाचण्या कधी कधी निर्दोष येतात, आणि गाडी घाटात पुन्हा तापते. कारण साधे आहे. अंगणात मोकळे चालणारे इंजिन आणि २० टन ओढणारे इंजिन यांच्या सिलिंडरमधला दाब सारखा नसतो. कमी दाबाला गॅस्केट टिकते, जास्त दाबाला उचलले जाते. म्हणून चाचणी ओझ्याखाली, किंवा ओझे वाहून आल्याबरोबर घ्यावी लागते. ज्या परिस्थितीत आजार होतो, त्या परिस्थितीत रोगी पाहिला पाहिजे.

आणखी एक सापळा ध्यानात ठेवावा. तापमान मोजणारा संवेदक पाण्यात बुडालेला असतो असे आपण धरून चालतो. पाणी फार उतरले तर तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चालक म्हणतो, ‘बरे झाले, थंड झाले!’ आणि त्याच वेळी हेड वाकत असते. उपकरण काय दाखवते यापेक्षा ते कशात बुडाले आहे हे आधी विचारले पाहिजे.

डाख, हळद आणि नवा ॲल्युमिनियम

दुरुस्तीचा इतिहासही धातूंबरोबर बदलला. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख देता येत असे. कारागीर रेडिएटर काढून पाण्याच्या हौदात बुडवी, आत हवा सोडी, बुडबुडे येतील ती नळी खुणेने ओळखी आणि साफ करून कथिल-शिशाच्या डाखेने बुजवी. पुढे ॲल्युमिनियमचे गाभे आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. वजन घटले, पण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट थर असतो, त्याला साधी डाख धरत नाही. जिथे जुना कारागीर एक नळी बुजवी, तिथे आता बहुधा सगळा रेडिएटरच बदलतात.

वाटेत अडलेल्या चालकांचा जुना तोडगा म्हणजे रेडिएटरमध्ये हळद टाकणे. त्यामागे विज्ञान आहे. पाण्यात तरंगणारे बारीक कण गळतीच्या दिशेने वाहत जातात आणि भोकाशी अडकून ते बुजवतात. पण कणांना चांगली वाट आणि वाईट भोक यांतला भेद कळत नाही. ते रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतात आणि थर्मोस्टॅटही अडवतात. तात्पुरते घरी पोचण्यासाठी ठीक. नंतर सगळे धुऊन काढून खरी दुरुस्ती केली नाही, तर आज बुजलेल्या गळतीतून उद्याचे तापणे जन्म घेते.

हेड गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासतात. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, ठरलेल्या बलाने आवळतात. वहीवर कागद चिकटवताना आपण मधून कडेला हात फिरवतो, त्याचेच हे रूप. आणि गॅस्केट का गेले हे शोधल्याशिवाय काम संपत नाही. तुंबलेला रेडिएटर तसाच ठेवला तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

वर्गात करण्याजोगे

सुई नसलेल्या मोठ्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी (सुमारे ७० अंश) घ्या, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी उकळताना दिसेल. दाब घटला की उत्कलनबिंदू उतरतो, हे विद्यार्थी विसरणार नाहीत. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून आणि दुसऱ्या भांड्यात सायकलच्या पंपाने हवा सोडून, दोन्ही बुडबुड्यांतला फरक दाखवता येतो. मिस्त्रीच्या तिसऱ्या पायरीचा हाच गाभा.

वरच्या वर्गासाठी एक नोंदवही सुचवावीशी वाटते. शाळेच्या बसचे किंवा ओळखीच्या एखाद्या गाडीचे पाणी दररोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, चालकाकडून तपासून घ्यावे. किती मिलिलीटर घालावे लागले, आदल्या दिवशी किती किलोमीटर झाले, घाट लागला का, ओझे किती होते, हे चार रकान्यांत लिहावे. कूलंटची चव किंवा वास घेऊन पारख करू नये. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, आणि सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांनाही घातक ठरते.

महिन्याभराने आलेख काढावा. गाडी उभी असलेल्या दिवशीही पाणी तेवढेच घटत असेल, तर गळती आधी आणि तापणे नंतर. केवळ चढाच्या आणि ओझ्याच्या दिवशी घटत असेल, तर संशय झाकणावर, तुंबलेल्या रेडिएटरवर, हेड गॅस्केटवर. शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या दिशेने ही चार रकान्यांची वही पुष्कळ पुढे नेते, आणि तीही एकही बोल्ट न खोलता.